सामान्य माणसाची जागा

नाही नाही, ती खुर्ची नको, ती वस्तू आणून ठेवणाऱ्याची – तुमची ही, हातांची. बसा. मऊ आहे की नाही? एकतीस वर्षं बसून मीच मऊ केलीय. महिनाअखेरीला मी निवृत्त, मग ती तुमची – म्हणजे आजचं सगळं नीट पार पडलं तर. पत्रात काय होतं तुमच्या, नुसतं चित्रच ना? खुर्ची, बाई आणि हसरा चेहरा? हां, तेच. पूर्वी पत्रात मजकूर असायचा हो. मग बारा ओळींच्या वरचं पत्र समजत नाही असं ठरलं, मग सहा ओळींच्या वरचं, मग ओळीच गेल्या. कुणी ठरवलं? सांगतो, घाई काय आहे – साहेब आत्ताच खाली गेलेत, आणि मजल्यांचे आकडे काढून टाकल्यापासून त्यांना खाली जाऊन वर यायला अर्धा तास लागतो. प्रत्येक मजल्यावर डोकावून विचारतात, मी इथे बसतो का म्हणून.

तर हे सुलभता कार्यालय. देशात जी काही वस्तू, पाटी, अर्ज, औषधाची बाटली लोकांच्या हातात जायची असते, ती आधी इथे येते, या टेबलावर, या फडक्याखाली. घंटा वाजते, फडकं निघतं, सामान्य माणूस बघतो. समजलं तर हिरवं बटण, नाही समजलं तर लाल. तीन मिनिटं. लाल झालं की वस्तू वरच्या मजल्यावर परत, सोपी करून आणायला – बस, एवढंच काम. आणि सामान्य माणूस म्हणजे कोण? म्हणजे मी. हसू नका, हुद्दाच आहे तो, दारावर पाटी होती – 'सामान्य माणूस, श्रेणी एक' – पुढे ती पाटीही मीच लाल केली, ते जाऊ दे. देशात एकच असतो. वजनमापवाल्यांच्या कपाटात एक अस्सल किलो असतो ना, बाकीचे किलो त्याच्याशी ताडून बघायला, तसा मी. मला समजलं म्हणजे सगळ्यांना समजलं, मला नाही समजलं म्हणजे कुणालाच नाही. आणि हे बाहेर बोलायचं नाही हं, कायद्याने बंदी आहे. आमच्या घरी सगळ्यांना वाटतं मी इथे आवक-जावकला कारकून आहे. बायकोलासुद्धा! तुम्ही आता आतल्या झालात म्हणून सांगतोय.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, हा गृहस्थ बोलतो तर चुरूचुरू, याला न समजण्यासारखं आहे तरी काय? अहो, तेच तर! मला समजतं. सगळं समजतं. माझ्या आधी या जागेवर एक मास्तर होते, शाळेतले, प्रामाणिक माणूस. चार दिवसांत चाळीस वस्तू आल्या, चाळीसच्या चाळीस हिरव्या. वर अकरा जण सोपं करायला बसलेले, आणि त्यांच्यापुढे रिकामी टेबलं. पाचव्या दिवशी मास्तरांच्या कागदावर शेरा आला – 'असामान्य' – आणि मास्तर घरी. मग मी आलो. पहिल्या दिवशी स्टेपलर होता, मी आपलं भाबडेपणाने हिरवं दाबलं. साहेबांनी – आताचे नव्हेत, तेव्हाचे – माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला समजलं याचा आनंदच आहे, पण मग आम्ही वर करायचं काय?" दुसऱ्या दिवशी फडक्याखाली छत्री. मी छत्रीकडे बघितलं, छत्रीने माझ्याकडे बघितलं, आणि मी लाल दाबलं. काय सांगू तुम्हाला, वर आनंदीआनंद! साहेब स्वतः चहा घेऊन आले, बशीसकट.

मग सुरूच झालं. छत्रीच्या बटणावर आधी बाण आला, मग बाणाशेजारी बोटाचं चित्र, मग बोट कुठलं ते सांगणारं चित्र. आता छत्र्या कारखान्यातूनच उघड्या येतात, मिटतच नाहीत, आणि लोक बसच्या दारात अडकून बसतात – ती माझी कृपा. ताप बघायची नळी घ्या. त्यावर आकडे होते. मग तीन रंग केले, मग दोन, आता एकच रंग आहे, हिरवा. अंगात कितीही ताप असो, बघून बरं वाटतं. कुलूप? कुलूप आमच्या मेव्हण्याच्या कारखान्यातलं होतं, आणि मेव्हणा म्हणजे – असो, बायकोचा भाऊ आहे, काय बोलणार – पण असा मिजासखोर माणूस की घरी कुलूप दाखवतानासुद्धा आपण विद्यार्थी आहोत असं वाटावं. लाल! आता किल्ली कुलपालाच साखळीने बांधलेली असते. चोरांची सोय झाली म्हणता? छे हो, चोरांनाही समजत नाही, त्यांच्यासाठीची चित्रं अजून यायचीत. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटायची. फार गंमत वाटायची. सकाळी घरातून निघताना मनात म्हणायचो, आज काय बरं समजणार नाही मला? अख्खा देश एकीकडे आणि माझं एक बोट एकीकडे, आणि देश बोटाच्या मागे धावतोय. दुसऱ्या कुठल्या कारकुनाला असं सुख आहे?

आता मात्र एक अडचण झालीय, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. वर अकरा होते ते आता साडेतीनशे झालेत, आणि जुने सगळे गेले. जुने हुशार होते, म्हणून त्यांना सोपं करता यायचं. नवे कुठून आले? बाहेरूनच, या असल्या छत्र्या वापरून मोठे झालेले. मध्यंतरी मी चमचा लाल केला – काही कारण नव्हतं, दुपार होती, कंटाळा आला होता – तर चार दिवसांनी सोपा करून परत काय आला? चमचाच! सोबत एक चित्र, साडेतीनशे माणसं आणि रडका चेहरा. म्हणजे काय? म्हणजे आम्हालाही नाही समजला. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, अरे, आपण तर नाटक करत होतो, यांचं खरं आहे.

घर ना? मिळतं की. जागेबरोबर घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बाल्कनी, सकाळचं ऊन थेट आत. कायमचं – निवृत्त झालं तरी काढून घेत नाहीत. तुम्ही किती जण घरात? सात? आणि खोली? एकच! सासूबाईही त्यातच? बापरे. मग काय, तुम्हाला तर ही जागा म्हणजे – नाही, बरोबर आहे, मुलांना अभ्यासाला कोपरा लागतोच. अभ्यास म्हणजे रंगवायचं असतं आता, पण कोपरा तर लागतो. मिळेल, मिळेल. तसं कुणाला काढत नाहीत हो. मास्तरांनंतर कुणाला काढलेलं नाही. म्हणजे मास्तरांनंतर मीच होतो म्हणा.

बरं, आता जरा जवळ या, खुर्ची ओढा. सांगायचं ते हेच आहे, बाकी सगळं बडबड. आमची ही – बायको हो – नकाशे काढायची. नकाशा माहीत आहे तुम्हाला? नसेल, तुम्ही लहान असाल तेव्हा. कागदावर अख्खं शहर, गल्लीन् गल्ली, वरून पाखराला दिसेल तसं. सरकारी नकाशा कार्यालयात होती ही, आणि हात असा की रेघ मारली की लोक बघायला उभे राहायचे. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मेव्हण्याकडे जेवायला गेलो होतो, सगळं गोत जमलेलं. काहीतरी विषय निघाला आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी नकाशा काढून द्यावा लागतो." झालं! सगळे हसले. मेव्हणा तर इतका हसला की ठसका लागून त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. त्या मी मारल्या, जरा जोरातच. आणि दुसऱ्या दिवशी, योगायोग बघा, घंटा वाजली, फडकं निघालं, आणि खाली या शहराचा नकाशा. हिनेच काढलेला. कोपऱ्यात हिच्या नावाचं बारीक अक्षर.

समजला का म्हणून काय विचारता! इतका समजला की आमची गल्लीसुद्धा सापडली, गल्लीतला हौदसुद्धा. इतकं स्वच्छ काम मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आणि मी लाल दाबलं. तीन मिनिटं असतात, मी तीन सेकंदही थांबलो नाही. मनात म्हटलं, घे, लागतो ना मला नकाशा? लागू दे आता सगळ्यांनाच. दीडशे माणसांचं कार्यालय होतं ते. वरच्यांनी नकाशा सोपा करायला घेतला. आधी नावं काढली, मग गल्ल्या काढल्या, मग नदी काढली, शेवटी कोरा कागद उरला आणि वर्षभरात कार्यालयाला टाळं लागलं. हिला बाण काढायच्या खात्यात टाकलं. पाट्यांवर असतात ना, इकडे जा, तिकडे जा, ते बाण. एकोणीस वर्षं ही बाण काढतेय. घरी येते, हात धुते, स्वयंपाकाला लागते. कधी तक्रार नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि नकाशे गेले तसे चौकाचौकात ते पिवळ्या टोप्यांचे लोक आले, वाट दाखवायला. त्यांना तरी वाट कुठे माहीत? विचारलं की हात करतात, ज्या बाजूचा दुखत नसेल तो. माझा एक चुलतभाऊ बहिणीकडे म्हणून निघाला, तो कुणा परक्याच कुटुंबात जाऊन पोचला – तिथेच रमला, आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरवतोय. हसतो आम्ही, हसायचंच आहे. पण गेल्या महिन्यात आमची नात शाळेतून घरी आली नाही. सहा वर्षांची. शाळा दोन चौकांवर. पहिल्या टोपीवाल्याने हात केला तिकडे ती गेली, दुसऱ्याने केला तिकडे गेली, शहाण्या मुलीसारखी, सांगितलेलं ऐकत. संध्याकाळ झाली. सून दारात उभी राहून रडतेय, मुलगा टोपीवाल्यांना विचारत पळतोय, आणि मी? मी नुसता उभा. तेवढ्यात ही आत गेली, गादी उचलली, खालून एक घडी केलेला कागद काढला. तिचा नकाशा – शेवटचा, तिने घरी लपवून ठेवलेला. पलंगावर पसरला, पेन्सिल घेतली, म्हणाली, शाळेपासून डावीकडे पाठवलं तर ती इथे, इथून उजवीकडे तर इथे, आणि तिची पावलं एवढीशी. बोट ठेवलं एका जागी. गिरणीमागचं फाटक. मुलगा धावत गेला, आणि पोर तिथेच बसली होती हो, फाटकाच्या पायरीवर, बूट काढून.

रात्री जेवताना पोरीने विचारलं, "आजी, तुला कसं कळलं?" हिने नकाशा दाखवला. पाच मिनिटांत समजला तिला. सहा वर्षांची पोर! म्हणाली, "मग हा सगळ्यांकडे का नाही?" तर ही म्हणाली – शांतपणे हं, पोळीचा तुकडा मोडता मोडता – "कुणा एका मठ्ठ माणसाला समजला नाही म्हणे." मी हात धूत होतो. धूतच राहिलो. सुनेने येऊन नळ बंद केला तेव्हा थांबलो.

म्हणून आज हा खटाटोप. बाद झालेली वस्तू पुन्हा आणायची तर पुनर्विचाराचा अर्ज असतो, तो मी दुसऱ्याच्या नावाने केला. मंजूरही झाला, कारण वाचता येणारा खाली एकच आहे आणि तो रजेवर. पण पुनर्विचाराचा नियम असा की ज्याने एकदा लाल दाबलं त्याने पुन्हा बघायचं नाही. नवाच माणूस हवा. म्हणजे तुम्ही. सकाळपासून ही बटणं तुमचं बोट ओळखतात, माझं नाही – मी दाबून बघितलं, खोटं कशाला बोलू. आणि नकाशा खरा लागतो, नक्कल चालत नाही, म्हणून आज सकाळी ही न्हायला गेली तेवढ्यात गादीखालून काढून आणलाय. तो तिथे आहे, फडक्याखाली. पुनर्विचारातही लाल झालं तर? तर तो समोरच्या यंत्रात जातो आणि चिंध्या होऊन निघतो, आणि मग नकाशा हा विषयच संपला, कायमचा. पण लाल कशाला होईल? तुम्ही हुशार आहात. येताना जिन्यात तुम्ही मजले मोजत आलात, बोटांवर, मी वरून बघत होतो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुम्ही फक्त एक करायचं – बघायचं आणि हिरवं दाबायचं. उद्यापासून चमचा लाल करा, बूट लाल करा, मला लाल करा, माझं काही म्हणणं नाही. आजचं एक हिरवं.

ही घंटा. घाबरू नका, वाजतेच ती तेवढी जोरात. काढा फडकं. हळू, घडीवर जीर्ण झालाय. हं. उलटा धरलात – नाही, फिरवलात! स्वतःहून फिरवलात! ते निळं म्हणजे नदी, आणि ते – बरं, नाही सांगत, तुमचं तुम्ही बघा. बोट कुठे चाललंय? स्टेशन… पूल… पुलावरून खाली… अहो, हे आपण! हे हेच कार्यालय! बरोबर! आणि आता? पलीकडे कुठे? तुमचं घर? नाही सापडत? थांबा, त्या बाजूला तेव्हा वस्ती नव्हती – म्हणजे तुमची गल्ली नकाशात नाही हे तुम्हाला कळलं! चूक काढलीत तुम्ही! एक मिनिटसुद्धा झालं नाही हो अजून! नातीपेक्षा लवकर! तिला मी सांगेन – नाही, कसं सांगणार, पण सांगेन. दाबा आता. हिरवं, डावीकडचं. दाबा.

ते लाल आहे, बाई.

बाई, ते लाल. तुमचा हात चुकतोय. डावीकडे. अहो, समजलंय तुम्हाला, मी बघितलं ना, बोट फिरलं ना तुमचं, पुलावरून – काय म्हणालात? मास्तर? हो. मास्तर घरी गेले. मीच सांगितलं. आणि सात जण, तेही तुम्ही सांगितलंत, मीच विचारलं. मीच. पण एक हिरवं हो – एकानं काय – दाबू नका. तीन मिनिटं असतात, थांबा निदान, बघत राहा नुसतं, मी हात जोडतो –

बरं.

दाबलंत.

नाही, रागावलो नाही. तुमच्या जागी मी असतो तर – असो. तुमची नेमणूक पक्की झाली, उद्या नऊला या. ते यंत्र आपोआप ओढून घेतं, तुम्ही हात लावू नका. आवाज होतो थोडा. आज गुरुवार ना? गुरुवारी ही गाद्या उन्हात टाकते. जा तुम्ही. दार ढकलायचं आहे, तुम्हाला माहीत आहेच. जा.